आरमाराचे जन्मगाव

वसुबारस आली की आम्हां कल्याणकरांना गाय-वासराच्या बरोबरीने खाडीचीही आठवण होते. शके १५७९ च्या आश्विन वद्य द्वादशीस, जुन्या इंग्रजी कालगणनेने २४ ऑक्टोबर १६५७ रोजी, शिवाजीमहाराजांनी आदिलशाही अमलातील कल्याण-भिवंडी घेतली. पुढे खाडीच्या काठी दुर्गाडी उभा राहिला. मराठी आरमाराची मुहूर्तमेढ येथेच रोवली गेली, असे आम्ही छाती फुगवून सांगतो. २०२४ साली तर भारतीय नौदलातून निवृत्त झालेली 'टी-८०' ही नौका दुर्गाडीजवळ आणून ठेवली गेली.

हा मान निर्विवाद आहे काय? मी शाळामास्तर. वर्गात एखाद्या चौकस पोराने "कशावरून?" असे विचारले, तर केवळ अभिमानावर भागत नाही, कागद दाखवावा लागतो.

कागद आहे, आणि मौज अशी की तो शत्रूच्या घरचा आहे. वसईला तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. १६५९ सालच्या त्यांच्या पत्रव्यवहारात अशी चिंता उमटली आहे की, शहाजीच्या मुलाने वसई आणि चौल यांच्या लगतचा मुलूख घेतला असून तो भिवंडी, कल्याण व पनवेल या बंदरांत लढाऊ जहाजे बांधीत आहे. ती समुद्रात उतरू देऊ नयेत, अशी ताकीदही त्यांच्या अधिकाऱ्यांना गेली. शत्रूच्या भीतीहून खरी साक्ष दुसरी कोणती?

पण हा कागद नीट वाचावा. त्यात एक गाव नाही, तीन आहेत. भिवंडीकराने आणि पनवेलकराने आपापला वाटा मागितला, तर त्यांना नाही कसे म्हणावे? शिवाय गाव घेतल्याचा दिवस आणि जहाज पाण्यात उतरल्याचा दिवस एक नव्हे. वसुबारस ही कल्याण हाती आल्याची तिथी आहे. तिला आरमाराची जन्मतिथी म्हणणे ही आपली हौस.

असली भांडणे केवळ आपल्याकडेच होतात असे मात्र नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात 'हॅना' नावाची एक लहानशी गलबतवजा नौका ५ सप्टेंबर १७७५ रोजी बेव्हर्ली बंदरातून निघाली. तिचा मालक शेजारच्या मार्बलहेडचा. झाले! अमेरिकी नौदलाचे जन्मगाव आपलेच, असे दोन्ही गावे म्हणू लागली. व्हाइटहॉल, प्रॉव्हिडन्स, फिलाडेल्फिया यांनीही आपले हक्क पुढे केले. तेथील नौदलाने शहाणपण केले: १३ ऑक्टोबर १७७५ हा जन्मदिवस ठरवला, जन्मगाव मात्र कोणतेच ठरवले नाही!

आता खाडीकडे पाहू. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत येथल्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख आहेत. समुद्रापासून आत असल्याने तुफानाचे भय नाही. ८ जानेवारी १६५८ रोजी माहुली हाती आला आणि त्या बाजूचे रान जवळ आले. जहाज बांधायला जागा नामी. पण ते बाहेर काढायचे कोठून? उल्हासचे पाणी एका वाटेने वसईकडे जाते, दुसऱ्या वाटेने ठाण्याकडे, आणि त्या काळी या दोन्ही वाटांवर पोर्तुगीज बसलेले! ही खाडी पाळणाही होती आणि कोंडवाडाही. म्हणून पुढचे आरमार मोकळ्या समुद्राकडे गेले. १६६४ साली मालवणास सिंधुदुर्गाचा पाया पडला आणि १६६५ च्या बसरूरच्या स्वारीत महाराज स्वतः जहाजात बसले. नौदल दिनाचा २०२३ चा सोहळा सिंधुदुर्गावर झाला, याचा कल्याणकराने विषाद मानण्याचे कारण नाही.

आमच्या उत्सवांत सहसा न सांगितली जाणारी एक हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. या पहिल्या जहाजांच्या कामावर महाराजांनी रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर ठेवला होता. त्याच्या हाताखाली तीनशेंवर माणसे होती. जहाजे सिद्दीशी लढण्यासाठी आहेत, असे त्यांना सांगितले होते. वसईच्या कप्तानाने त्यांचे मन वळवले आणि ही मंडळी काम टाकून गुपचूप निघून गेली.

अर्धवट सांगाडे आणि पळालेले उस्ताद! एखादा राजा म्हणाला असता, समुद्र आपला नव्हे. महाराज तसे म्हणाले नाहीत. सहा वर्षांच्या आत बसरूरवर मराठी गलबतांचा काफिला गेला. परक्याचे कसब उसने घेता येते, जिद्द घेता येत नाही, हा धडा या खाडीने दिला. आरमार एका मुहूर्तावर जन्मले नाही. ते खोळंबत, शिकत वाढले.

तेव्हा उत्सव अवश्य व्हावा. फक्त फलकावर कल्याणच्या शेजारी भिवंडी आणि पनवेल ही नावेही कोरावीत, आणि पळून गेलेल्या कारागिरांची हकीकतही पोरांना सांगावी. "कशावरून?" असे विचारणाऱ्या पोराला आपल्या गावचा अभिमान कमी वाटणार नाही. उलट त्याचा अभिमान अधिक टिकेल, कारण त्याच्या मागे कागद असेल.