भोर घाट : रिव्हर्सिंग स्टेशन गेलं, बोगदे आले

आपण भिसेगावकर कर्जत स्टेशनाला खेटून राहतो, पण घाटातली जुनी वाट थोड्यांनाच माहीत आहे. भोर घाटाची लाईन १८६३ मध्ये सुरू झाली. अभियंते होते जेम्स बर्कले. २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि ३७ फुटांमागे एक फूट चढ. ती बांधताना साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजुरांचा जीव गेला.

खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, मग गाडी उलट दिशेने वर चढायची. १९२९ मध्ये नव्या बोगद्यांमुळे हा वळसा संपला. चढ मात्र राहिला; म्हणून कर्जतला आजही पुण्याकडच्या अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिन लागतात. घाट चढताना त्या मजुरांची आठवण आपण ठेवावी.