गाडीच्या पोटाखालचा काळा

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात काही मालक गाडीखाली आरसे मांडतात. बघणाऱ्याला वाकावे लागू नये आणि पोटाखालची चकाकी त्याच्या नजरेतून सुटूही नये, अशी ती सोय. त्या आरशात दिसणारी चॅसी बहुधा आरशाशीच स्पर्धा करत असते. काळ्या रंगावर एक ओघळ नाही, सांध्यात खडबडीतपणा नाही, धुरेपासून कमानीच्या पाट्यांपर्यंत सगळे एकसारखे तुकतुकीत. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती गाडी खालून अशी कधीच नव्हती. कॅनडातल्या मोटारींचा इतिहास पाहिला, तर चॅसीचा रंग कोणता हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि तो कसा लावला होता हा मुख्य. अस्सलपणा रंगाच्या डब्यावरच्या क्रमांकात शोधणारा माणूस चुकीच्या जागी शोधतो आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते, कारण कॅनडाची मोटार तिच्याच घरात जन्मली. रॉबर्ट मॅक्लॉफ्लिनने १८६७ मध्ये बर्फावर चालणाऱ्या दोन घसरगाड्या बनवल्या, पुढे ऑन्टारियोतल्या एनिस्किलन नावाच्या गावात दुकान थाटले आणि १८७६ मध्ये तो ओशावाला आला. ‘एकच दर्जा, आणि तोही सर्वोत्तम’ अशा अर्थाचे त्याच्या कंपनीचे ब्रीद होते. बग्गीच्या धंद्यात रंगारी हा मोठा कारागीर. अस्तर, घासणी, रंग, पुन्हा घासणी आणि शेवटी रोगण, असे हात देत एक गाडी पुरी व्हायला आठवडे लागत. बग्गीची चाके, धुरा आणि कमानी या लपवायच्या वस्तू नव्हत्या. रस्त्यावरून गाडी गेली की आधी तीच दिसत, म्हणून त्यांना अनेकदा वरच्या पेटीपेक्षा उजळ रंग देत आणि त्यावर हाताने बारीक रेघा ओढत. १९०७ मध्ये रॉबर्टचा मुलगा सॅम याने ब्यूकचा कारभार पाहणाऱ्या विल्यम ड्युरंटशी पंधरा वर्षांचा करार करून ब्यूकच्या इंजिनांवर मोटारी बांधायला घेतल्या, तेव्हा कारखाना तोच होता, रंगारी तेच होते आणि सवयीही त्याच. त्या काळच्या गाडीची चॅसी ‘मोटारीची चॅसी काळीच असते’ अशा आजच्या समजुतीने रंगवणे म्हणजे पेशव्यांच्या पालखीला स्टीलचे दांडे लावणे.

मग काळा आला कुठून? त्याचा एक धागा ऑन्टारियोच्याच मातीत सापडतो. लॅम्बटन जिल्ह्यात एनिस्किलन नावाचाच एक तालुका आहे. मॅक्लॉफ्लिनच्या गावाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. या तालुक्यात जमिनीवर डांबराचे चिकट थर उघडे पडलेले होते. १८५४ मध्ये चार्ल्स ट्रिप आणि त्याचा भाऊ हेन्री यांनी ते काढण्यासाठी कंपनी नोंदवली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत तेलाबरोबर रंग आणि वार्निशही होते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात या डांबराचे कौतुक झाले, पण कंपनी काही टिकली नाही. तिची जमीन घेऊन पुढे तेल काढले ते जेम्स मिलर विल्यम्सने, आणि हा गृहस्थ हॅमिल्टनचा गाडीबांधणीदार होता! उत्तर अमेरिकेच्या तेलधंद्याच्या पहिल्या पानावर डांबर, वार्निश आणि गाडी कारखानदार असे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. पुढे मोटारींच्या काळ्या रोगणासाठी वापरले जाणारे डांबर युटामधल्या गिल्सोनाइटच्या खाणींसारख्या ठिकाणांहून आले, एनिस्किलनहून नव्हे. पण डांबर म्हणजे रंगाचा कच्चा माल ही समज मोटारीपेक्षा निदान पन्नास वर्षांनी जुनी आहे.

‘जपान ब्लॅक’ म्हणून ओळखले जाणारे हे रोगण म्हणजे डांबर आणि जवसाचे तेल एकत्र शिजवून पातळ केलेला रस. लोखंडावर चढवून भट्टीत भाजला की तो कडक होतो. त्यात वेगळा काळा रंग फारसा घालावाही लागत नाही, कारण डांबर जन्मतःच काळे. भट्टीची उष्णता मात्र लाकडाला सोसत नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या वरच्या पेटीत लाकडी सांगाडा होता. म्हणून पेटी जुन्या पद्धतीने, हवेवर सुकणाऱ्या वार्निशने रंगवत; मडगार्ड, धुरा आणि चॅसीचे भाग मात्र भट्टीत जात. म्हणजे ज्या भागाकडे कुणी पाहत नसे, तिथे नवे तंत्र आधी आले आणि जो भाग सगळे पाहत, तो बग्गीच्या काळातच रेंगाळला. फोर्डच्या मॉडेल टीचा काळा म्हणजे एकच रंग, अशी समजूत आहे. ट्रेंट बॉगेस या अभ्यासकाने कारखान्याची जुनी कागदपत्रे चाळून दाखवले, की त्या गाडीवर तीसहून अधिक प्रकारचे काळे वापरले जात. भाग कोणता आणि तो बुडवायचा की भाजायचा, यावर प्रकार ठरे. १९२३ नंतर ड्यूको नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले, आठवड्यांचे काम तासांवर आले आणि वरच्या पेटीवर निळे, हिरवे, तपकिरी फुलले. पोटाखाली मात्र डांबराचा काळाच राहिला. कारण साधे होते. तो स्वस्त होता, पाण्याला दाद देत नव्हता आणि खाली बघणारे कोणी नव्हते.

बुडवून, टांगून, निथळवून केलेल्या कामाच्या खुणा राहतात. खालच्या कडेला जाड ओघळ जमतो, आकड्याच्या टोकापाशी रंगच पोचत नाही, खोबणीत थेंब गोठतो. नंतरच्या दशकांतल्या गाड्यांत सुकाणूचे दांडे आणि चाकांना गती देणारा फिरता दांडा पुष्कळदा पोलादाच्या मूळ रंगातच सोडलेला असे आणि त्यावर तपासनिसाचा रंगाचा एखादा फटकारा, पाट्याचा प्रकार ओळखायला एखादी पट्टी. दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी वाळूचा मारा करून हे सगळे उडवून टाकले जाते आणि मग ‘मूळ रंग कोणता होता’ याची चौकशी सुरू होते.

इथे जाणकार हरकत घेतात: कारखान्याचे काम इतके बेफिकीर होते, सोमवारची गाडी शुक्रवारच्या गाडीसारखी नव्हती, तर मग कुठलाही काळा चालेल की! युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यात एक गफलत आहे. कारखान्याच्या कामात फरक पडे तो ठरावीक हद्दीत. रंगाची जाडी बदले, ओघळाची जागा बदले. पण बुडवलेल्या भागाला ब्रशचे फराटे कधी पडत नसत आणि डांबराच्या रोगणाला आजच्या प्लास्टिकसारखी खोल झळाळी येत नसे. गवयाची तान रोज वेगळी असते, म्हणून रागाचे नियम सुटत नाहीत. पावडर कोटिंग हे पुष्कळ नंतरचे तंत्र. १९२० च्या चॅसीवर ते चढवले, तर काळा कितीही जुळला तरी ती हद्द ओलांडली गेलीच.

कॅनडाच्या गाड्यांबाबत आणखी एक सापळा आहे, तो शेजारच्या देशाच्या पुस्तकांचा. मार्गदर्शक ग्रंथ बहुतेक अमेरिकेतले, आणि नाव एकच असल्यामुळे गाडीही एकच असेल असे वाटते. तशी ती नव्हती. आयात जकात चुकवण्यासाठी सीमेच्या उत्तरेला वेगळे कारखाने उभे राहिले. १९०४ मध्ये वॉकरव्हिल इथे निघालेली फोर्ड ऑफ कॅनडा ब्रिटन वगळून ब्रिटिश साम्राज्याला गाड्या पुरवी. उजवीकडे सुकाणू असलेल्या गाड्याही त्याच साच्यातून काढायच्या, म्हणून तिच्या खुल्या मॉडेल टीला पुढे दोन्ही बाजूंना उघडणारी दारे होती. अमेरिकेतल्या गाडीत चालकाच्या बाजूचे दार नुसते ठसा उमटवल्यासारखे, खोटे. अमेरिकेशी १९६५ चा वाहन करार होईपर्यंत हे वेगळेपण जोरात होते. ओशावाला बनणाऱ्या जनरल मोटर्सच्या पाँटिॲकचा वरचा थाट पाँटिॲकचा, पण खालची चॅसी आणि इंजिन शेवरलेचे. अशा गाडीचे पोट अमेरिकन पाँटिॲकच्या पुस्तकाप्रमाणे रंगवणे ही निष्ठेने केलेली चूक असते. जनरल मोटर्स ऑफ कॅनडाकडून जुन्या गाड्यांच्या मूळ नोंदी मिळू शकतात, ही मोठीच सोय. पण असा कागद मुख्यतः वरचा रंग आणि मागवलेल्या सोयी सांगतो. पोटाखालची साक्ष गाडीनेच द्यायची.

सर्वांत वजनदार हरकत मिठाची आहे. कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ टाकले जाते, असा केंद्र सरकारच्या २००१ च्या अहवालाचा अंदाज होता. ह्युरॉन सरोवराखालची गोडरिचची खाण जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण मानली जाते. ज्या वॉकरव्हिलमध्ये फोर्ड बनत ते १९३५ मध्ये विंझर शहरात विलीन झाले, आणि त्या विंझरखालीही मिठाची खाण आहे. एकच शहर गाडी बनवते आणि तिचा गंजही खणून काढते, असे म्हणायला हरकत नाही. अशा मुलखात अस्सलतेच्या नावाखाली डांबराच्या पातळ थरावर गाडी सोडणे शहाणपणाचे आहे का? रोज कामावर नेणारी गाडी असेल तर मुळीच नाही. तिथे मी मालकाच्या बाजूने आहे. पण संग्रहातली गाडी नोव्हेंबर ते एप्रिल शेडमध्ये झाकलेली असते. तिच्यासाठी कॅनडातलाच जुना उपाय पुरतो, तो म्हणजे पोटाखाली तेलाची किंवा मेणाची फवारणी. ती दिसायला ओंगळ, पण पुसता येते आणि खाली मूळ रंग तसाच राहतो. पावडर कोटिंग पुसता येत नाही. शिवाय त्याला कुठे टवका उडाला तर पाणी आत शिरते आणि वरून सगळे ठीक दिसत असताना आत पोलाद खाल्ले जाते.

जुने रोगण मिळते कुठे, हाही प्रश्न रास्त आहे. वाहनांच्या पुनर्रंगणातल्या वाफाळ द्रावकांवर कॅनडाने २००९ मध्ये मर्यादा घातल्या, त्या रंगाऱ्याच्या फुप्फुसांसाठी योग्यच म्हणायच्या. पण कृतीशी प्रामाणिक राहायला तोच रस हवा असे नाही. आजचे अर्धचमकीचे इनॅमल बेताच्या जाडीने दिले आणि कडेचा ओघळ घासून टाकण्याचा मोह आवरला, की डोळ्याला आणि बोटाला काम ओळखू येते. खरी अडचण प्रदर्शनातल्या पंचांची आहे. चकाकीला गुण मिळतात आणि ओघळाला कापले जातात, तोवर मालक चकाकीच विकत घेणार.

हा प्रश्न ओशावा-विंझरपुरता नाही. फोर्डची मुंबईतली कंपनी १९२६ ची, आणि ती डेट्रॉइटची नव्हे तर फोर्ड ऑफ कॅनडाची उपकंपनी. सुटे भाग पेट्यांत भरून बंदरात उतरत आणि इथे गाडी जोडली जाई. त्या काळातली एखादी फोर्ड कोल्हापुरात किंवा पुण्यात कुणाच्या शेडमध्ये उभी असेल, तर तिच्या पोटाचा शोध वॉकरव्हिलपर्यंत जातो. खरवडणी सुरू करण्यापूर्वी चार जागा उघडून पाहाव्यात. पाट्यांना आवळणाऱ्या पट्टीखाली, पेटी आणि चॅसी यांच्यामधल्या गादीखाली, क्रमांकाच्या पट्टीमागे आणि मडगार्डच्या बोल्टाच्या चकतीखाली. जोडणीच्या दिवसानंतर तिथे ना ऊन पोचलेले असते, ना दुसऱ्या रंगाऱ्याचा ब्रश.