एका गाडीचा अवयव दुसऱ्या गाडीला

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात पूर्वी म्युरॉक नावाने ओळखले जाणारे कोरडे सरोवर आहे. त्याचे सपाट, टणक पात्र १९३० च्या दशकात तरुणांचे शर्यतीचे मैदान बनले. जुनी फोर्ड गाडी स्वस्तात घ्यायची, मडगार्डसारखे अनावश्यक वजन काढून टाकायचे, इंजिनाची ताकद वाढवायची आणि वेग मोजायचा, हा त्यांचा छंद. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्यांच्या आवाक्यात आणले आणि छंदाला बळ मिळाले.

वेग वाढला, पण मागची रचना जुनीच राहिली. दोन्ही चाके एका अखंड आसावर, मध्ये डिफरन्शियलची जड पेटी आणि वर एकच आडवा पाटा. एक चाक दगडावर चढले की दुसरेही तिरके होई. शिवाय आस, पेटी, ब्रेक हे सारे वजन पाट्याच्या खाली. धक्क्याने उसळलेल्या जड वस्तूचा संवेग मोठा. ती परत जमिनीवर आणायला पाट्याला वेळ लागतो. तेवढा वेळ चाकाची पकड सुटते.

१९६१ साली इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने ‘ई-टाइप’ गाडीत निराळी रचना आणली. डिफरन्शियल गाडीच्या अंगाला टांगले. ब्रेकच्या चकत्या चाकांपासून काढून त्याला चिकटवल्या. चाक फिरवणारा दांडाच वरच्या भुजेचे काम करू लागला; खाली दुसरी भुजा आणि प्रत्येक बाजूला दोन स्प्रिंगा. हा सारा संच रबरी ठोकळ्यांवर बसवलेल्या एका पोलादी चौकटीत होता. भंगारात गेलेल्या जॅग्वारमधून तो अखंड काढता येई, म्हणून हॉट रॉडवाल्यांना तो फार आवडला.

पण संच बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. पहिली अडचण स्प्रिंगांची. जॅग्वारची मोठी गाडी दीड टनाहून जड, हॉट रॉड त्यापेक्षा बरीच हलकी. स्प्रिंगची कंप्रता ताठरपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. स्प्रिंग तीच ठेवून वजन निम्मे केले, तर कंप्रता सुमारे १.४ पट होते आणि गाडी हादरे देते. म्हणून मऊ स्प्रिंगा घालाव्या लागतात.

दुसरी अडचण अधिक शिकवून जाते. खालच्या भुजेच्या बाहेरच्या टोकापासून पुढे एक दांडी जाते आणि गाडीच्या अंगाला जोडलेली असते. भुजा एका अक्षाभोवती झुलते, दांडी दुसऱ्या. दोघींच्या टोकांना एकाच वाटेने जायचे असते, पण त्यांचे कंस जुळत नाहीत. मूळ गाडीत हा फरक रबर गिळून टाकत असे. अनेकांनी चौकट व रबर फेकून देऊन डिफरन्शियल सांगाड्याला घट्ट जखडले. मग फरक गिळायला कोणीच उरले नाही. सांधे अडकू लागले, जोडांवर ताण आला. असा जोड धावत्या गाडीत तुटला तर चाकच वाकडे होणार.

उपाय साध्या भूमितीचा आहे. दांडीचे पुढचे टोक भुजेच्या आतल्या अक्षाच्या वाढवलेल्या रेषेवर आणायचे, म्हणजे दोन्ही एकाच अक्षाभोवती फिरतात. दाराच्या दोन बिजागऱ्या एका ओळीत नसतील तर दार का अडते, हे विद्यार्थ्यांना करून दाखवा. सारा मुद्दा त्यात येतो.

यंत्राचा भाग उचलताना त्याच्या रचनाकाराने गृहीत धरलेल्या गोष्टीही, म्हणजे वजन, रबर, अक्ष, आपल्याबरोबर येतात. त्या कागदावर लिहिलेल्या नसतात. हॉट रॉडवाल्यांपैकी अनेकांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. तरी ज्यांनी ‘हे इथे का आहे?’ असे विचारले, त्यांच्याच गाड्या नीट चालल्या. तो प्रश्न विचारायची सवय वर्गातच लागायला हवी.