६ डिसेंबर १९५० : संगीतकार जो हिसाइशी यांचा जन्म

जपानच्या नागानो प्रांतात जन्मलेले मामोरू फुजिसावा पुढे जो हिसाइशी या नावाने जगाला ठाऊक झाले. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘नौसिका’साठी (१९८४) चित्रपट पूर्ण होण्याआधीच त्यांनी एक अल्बम रचला. तो इतका भावला की पार्श्वसंगीतही त्यांच्याकडेच आले. चित्रपटातल्या नौसिकाच्या बालपणीच्या आठवणींमागे हिसाइशी यांच्या तेव्हा चार वर्षांच्या असलेल्या मुलीचा आवाज आहे. तो कोवळा सूर थेट काळजाला भिडतो. ‘तोतोरो’, ‘स्पिरिटेड अवे’ सर्वांना माहीत आहेतच, पण दिग्दर्शक ताकेशी कितानो यांच्या ‘किकुजिरो’तली (१९९९) पियानोची धून आवर्जून ऐकावी. ऑस्करविजेत्या ‘डिपार्चर्स’मध्ये (२००८) त्यांनी चेलोला बोलते केले. मियाझाकींच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’चे (२०२३) संगीतही त्यांचेच.