जुनी रोड बाईक घेताय? रंगाआधी सांगाडा तपासा

ठाणे, प्रतिनिधी

घोडबंदर मार्गावरील मानपाडा परिसरातील गृहसंकुलांच्या वाहनतळावर धूळ खात उभी असलेली, बारीक टायरची एखादी रोड बाईक हमखास दिसते. २०२०च्या टाळेबंदीत सायकलींची मागणी एकाएकी वाढली आणि हौस फिटल्यावर त्यातील अनेक कोपऱ्यात गेल्या. अशी सायकल विकताना 'फारशी वापरलेलीच नाही' हे पालुपद ठरलेले. मात्र खाडीकाठच्या दमट हवेत उभी राहिलेली सायकलही झिजतेच. टायरच्या रबराला भेगा पडतात, छर्ऱ्यांचे ग्रीस सुकते आणि सीटचा दांडा फ्रेममध्ये घट्ट बसतो.

सायकल पाहायला दिवसाउजेडीच जावे. गिअर, चाके, साखळी बदलता येते. फ्रेम खराब निघाली तर सौदाच बुडीत. हँडलखालच्या उभ्या नळीला आडवा व तिरका दांडा जिथे जोडतो, त्या जागी विशेषतः खालून बोट फिरवावे. रंगाला सुरकुती वा बारीक चीर असल्यास सायकल समोरून आदळलेली असण्याची शक्यता मोठी. पोलादी फ्रेमची दुरुस्ती होऊ शकते, ॲल्युमिनियमची सहसा परवडत नाही. कार्बनच्या फ्रेमवर नाण्याने हलके टकटक करून पाहावे. आवाज एखाद्याच जागी बद्द झाला तर संशय घ्यावा, पण आवाज स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण आतील इजा दिसत नाही. पुढचा चिमटा कार्बनचा असल्यास मेकॅनिककडून तो उतरवून तपासलेला बरा. येऊरच्या उतारावर चिमटा तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

सीट दोन इंच वरखाली करून दाखवण्यास सांगावे. दांडा हलत नसेल तर उंची जुळवणे अवघड. सायकल मापाची नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. घरात स्टँडवर चालवलेल्या सायकलीच्या हँडलची टेप थोडी उकलून पाहावी, कारण घामाच्या क्षाराने आतला धातू खाल्लेला आढळतो.

साखळीची झीज साध्या पट्टीने मोजता येते. नव्या साखळीत खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणजे अशी २४ अंतरे बरोबर १२ इंच भरतात. माप एक षोडशांश इंचाने वाढले असेल तर साखळी बदलावी लागेल; एक अष्टमांश इंचाने वाढले तर मागच्या दातेरी चकत्यांचाही खर्च धरावा. चाक उचलून फिरवल्यावर आऊट दिसला तर तो काढता येतो, पण ब्रेकच्या घर्षणाने रिमची कड आत खोलगट झाली असेल तर रिम गेली. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि क्रँक आडवे ओढून पाहावेत; खडखड जाणवल्यास छर्ऱ्यांचे काम आहे. ब्रेक व गिअरची जोड खटकी महाग असते, म्हणून प्रत्येक गिअर टाकून पाहावा. चालवून पाहण्यासाठी अवजड वाहनांचा घोडबंदर मार्ग टाळून सकाळी लवकर आतील रस्ता निवडावा.

मालकीचा प्रश्न वेगळाच. एकेकाळी सायकलींना नगरपालिकेचा बिल्ला असे. आरटीओची नोंदणी सायकलीला नसते, त्यामुळे ओळख पटते ती बहुधा पायडलच्या आसाखाली कोरलेल्या क्रमांकावरून. तो घासलेला दिसल्यास तिथूनच परतावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ बिल मागावे. ते नसल्यास विक्रेत्याचे नाव, तारीख, रक्कम व फ्रेमचा क्रमांक असलेली सहीची पावती घ्यावी. आधी मेकॅनिककडून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा, तो मागितलेल्या किमतीतून वजा करावा आणि मगच घासाघीस सुरू करावी.