वाळवंटातील शेळीचे दूध

सहाराचे वाळवंट कोणीही एकट्याच्या बळावर ओलांडीत नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तेथे उंटाचा वापर रूढ झाला आणि त्या उजाड भूमीतून तांड्यांच्या वाटा रुळल्या. उंटाच्या मदारीत पाणी नव्हे, चरबी साठलेली असते. परंतु तहानलेला उंट काही मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो आणि मग दिवसच्या दिवस पाण्यावाचून चालतो.

दक्षिण अल्जिरियातील अहग्गार पर्वतप्रदेशात राहणाऱ्या तुआरेग लोकांचा संसार अशा उंटांवर आणि शेळ्यांवर चाले. अमाद्रोरचे मीठ उंटांवर लादून त्यांचे तांडे दक्षिणेस, आजच्या नायजर देशातील दामेर्गू भागात जात आणि बाजरी घेऊन परतत. पाऊस चुकला की चारा नाहीसा होई, शेळ्या आटत, उंट खंगत आणि तांडा अडे. मग तंबूतंबूत उपासमार सुरू होई.

या लोकांत १९०५ साली संत चार्ल्स द फुको येऊन राहिले. तामानरासेट ही तेव्हा मोजक्या झोपड्यांची वस्ती होती. फुको हे पूर्वाश्रमीचे फ्रेंच लष्करी अधिकारी. तीन वर्षांपूर्वी, १९०२ मध्ये, तीतच्या लढाईत फ्रेंच तुकडीने तुआरेगांचा पराभव केला होता. जेत्यांचा हा धर्मगुरू लष्करातील मित्रांशी अखेरपर्यंत संबंध राखून होता. त्यांच्या चरित्रातील ही बाजू झाकून ठेवणे इतिहासाला आणि संतालाही न्याय देणारे नाही.

१९०७ च्या अखेरीस अहग्गारमध्ये भीषण अवर्षण होते. फुकोंनी आपल्याजवळचे धान्य भुकेल्यांना वाटले. त्या नाताळात त्यांना मिस्साही अर्पण करता आला नाही, कारण सोबतीला एकही ख्रिस्ती नसता मिस्सा अर्पण करण्यास त्या काळी विशेष परवानगी लागे. जानेवारी १९०८ मध्ये ते अंथरुणाला खिळले. तेव्हा तुआरेगांनी आसपासच्या टापूत जिच्या कासेत थोडेफार दूध होते अशी प्रत्येक शेळी शोधली आणि ते दूध त्यांना पाजले. स्वतःची मुले भुकेली असताना मुस्लिम शेजाऱ्यांनी एका ख्रिस्ती धर्मगुरूचे प्राण वाचविले. मिस्साची परवानगी त्याच महिन्याच्या अखेरीस पोहोचली. दूध तिच्याआधी पोहोचले होते.

देण्यासाठी आलेला माणूस येथे घेणारा झाला. प्रभू येशूनेही याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागितले होते, हे आपण सहसा विसरतो. पुढील वर्षांत फुकोंनी तुआरेगांची भाषा आणि त्यांची काव्ये अपार परिश्रमाने टिपून ठेवली. त्यांचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश १९५१-५२ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला.

१ डिसेंबर १९१६ रोजी सशस्त्र टोळीने त्यांना पकडले आणि गोळी घालून ठार केले. त्यांच्या हयातीत त्यांचा संन्याससंघ उभा राहिला नाही; तुआरेग समाजही ख्रिस्ती झाला नाही. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्या सन्मानात अहग्गारच्या त्या अनाम स्त्री-पुरुषांचाही वाटा आहे. परधर्मीय शेजाऱ्याला आपण काय दिले, याचा हिशेब आपण चोख ठेवतो. त्याच्याकडून काय घेतले, याचीही नोंद आपल्या वहीत असावी.