बी कुठल्या नदीचं?



भाताचं बियाणं राखताना आपण किती जपतो! एका जातीत दुसरी मिसळू नये म्हणून वेगळं झोडपायचं, वेगळं वाळवायचं, वेगळं भरून ठेवायचं. माशांचंही बी असतं आणि त्यालाही असंच जपावं लागतं. आपल्या शास्त्रज्ञांना हे एका दिवसात कळलं नाही. त्याला पन्नास-साठ वर्षं लागली. आज त्या वर्षांची गोष्ट सांगते. तिचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आणि ज्या माशामुळे घडला, तो आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातलाच आहे.

हा मासा म्हणजे महसीर. गावोगावी त्याचं नाव बदलतं, कुठे खडची तर कुठे आणखी काही. अंगावर मोठमोठे खवले, परांवर निळसर झाक. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. पावसाळ्यात नदी चढली की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि दगडगोट्यांत अंडी घालतो. काही ठिकाणी तो देवाचा मासा मानला जातो. महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहात देवीच्या नावानं लोकांनी हे मासे राखले आहेत. तिथे कुणी गळ टाकत नाही.

इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्स नावाचा अधिकारी दख्खनभर फिरून पशुपक्ष्यांची नोंद करत होता. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन त्यानं 1839 साली छापलं. शास्त्रीय नाव ठेवताना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव उचललं, 'खुद्री'. आजही जगभरच्या पुस्तकांत हा मासा 'टोर खुद्री' आहे. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेत जातं. आपल्या शाहूवाडीची कडवी वारणेला मिळते, वारणा कृष्णेला. कासारी पंचगंगेत जाते आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. म्हणजे साइक्सनं पाहिलेला मासा आणि आपल्या नद्यांचा मासा एकाच खोऱ्यातले भाऊबंद.

आता ज्यांनी या माशाचं बी तयार केलं, त्यांच्याकडे वळू. त्यांचं नाव डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. मुंबई सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यात ते शास्त्रज्ञ होते आणि पुढे महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. माशांची पिल्लावळ कशी होते, हे बारकाईनं बघणं हा त्यांच्या आयुष्यभराचा ध्यास.

1940 साली त्यांनी मुंबईच्या किनाऱ्याकडच्या पाण्यातल्या एका इवल्याशा माशावर मोठा अभ्यास छापला. मासा बोटाच्या पेराएवढा, अंगातून आरपार दिसेल असा. त्याचा नर आपलं बीज पुडीत बांधल्यासारखं करून मादीच्या अंगाला चिकटवतो. अशा तऱ्हेचा मासा शास्त्राला ठाऊक नव्हता. त्याचं नाव ठेवताना कुलकर्णींनी दोन वडीलधाऱ्यांची नावं घातली. एक डॉ. सुंदरलाल होरा, दुसरे मुंबईच्या मत्स्यखात्याचे डॉ. सेटना. मासा झाला 'होराइक्थिस सेटनाय'. पुढे 1950 मध्ये त्यांनी नर्मदेतल्या हिलसा माशाची अंडी आणि पिल्लं यांवर लिहिलं. एखादा मासा केव्हा अंडी घालतो, कुठे घालतो, किती दिवसांत पिल्लू निघतं, हे कळल्याशिवाय त्याला वाढवताही येत नाही आणि वाचवताही येत नाही. त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी हेच होतं.

त्या काळात रोहू-कटल्याचं बी कुठून मिळायचं? नदीतून. पुराच्या पाण्याला जाळी लावायची आणि जे हाती येईल ते आणून तळ्यात सोडायचं. त्यात चांगलं-वाईट सगळं एकत्र. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वाट काढली. एका माशाच्या मेंदूखाली असलेल्या छोट्या गाठीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि मादीनं तळ्यातच अंडी घातली. म्हणूनच 10 जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून मत्स्यजिरे केंद्रात तयार होऊ लागले. जिऱ्याएवढी पिल्लं म्हणून मत्स्यजिरे आणि तीच वाढून बोटाएवढी झाली की बोटुकली. ही नावं बचत गटातल्या पुष्कळ जणींना पाठ असतील.

महसीरचं मात्र वेगळं. रोहू एका वेळी लाखांनी अंडी घालतो, हा हजारांत. याची अंडी जड असतात आणि तळाशी बसतात. पिल्लू निघायला तीन-चार दिवस लागतात. निघाल्यावरही ते काही दिवस तळाशीच पडून राहतं, पोहत नाही. त्या दिवसांत कुणीही येऊन त्याला खाऊन टाकतं. शिवाय नद्यांवर धरणं झाली, सुरुंग लावून मासे मारणं वाढलं आणि महसीर घटत चालला.

1970 च्या सुमारास लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर कुलकर्णींनी काम सुरू केलं. शशांक ओगले त्यांचे सहकारी होते. पावसाळ्यात पिकलेली मादी जाळ्यात आली की तिच्या पोटावरून हलक्या हातानं दाबून अंडी ताटात घ्यायची. त्यावर नराचं बीज घालून पिसानं हळुवार कालवायचं. मग ती अंडी ट्रेमध्ये पसरून वर वाहतं पाणी सोडायचं. दूध तापवताना जसं लक्ष ठेवतो, तसं तीन-चार दिवस लक्ष. खराब झालेलं अंडं लगेच बाजूला काढायचं, नाहीतर बुरशी सगळ्यांना धरते.

इथेच त्यांना एक साधी युक्ती सुचली. अंडं फुटायला तीन दिवस लागतात ना? मग त्याला प्रवासात पाणी कशाला? ओल्या कापसात अंडी गुंडाळून त्यांनी ती विमानानं लांबवर पाठवली. मुक्कामी पोचल्यावर त्यातून पिल्लं निघाली. पाण्याचे जड डबे नकोत, हवेच्या नळकांड्या नकोत. हा प्रयोग 1979 साली परदेशी शास्त्रीय मासिकात छापून आला. मोड आणायला मटकी ओल्या फडक्यात बांधणाऱ्या बायकांना ही युक्ती लगेच पटेल.

पुढे लोणावळ्याचं महसीर-बी अनेक राज्यांत गेलं आणि तलावांत, नद्यांत सोडलं गेलं. एके काळी हा मासा जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत होता. गेल्या काही वर्षांत त्याला धोका कमी असलेल्या गटात आणून ठेवलं आहे. यात लोणावळ्याच्या कामाचा वाटा आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. बी कर्नाटकात कावेरीलाही गेलं होतं. तिथले महसीर कमी झाले म्हणून 1970 च्या दशकापासून निळ्या परांचा आपला महसीर तिथे सोडला. कावेरीचा स्वतःचाही महसीर होता. पाठीवर उंचवटा, पर नारिंगी आणि वजन पन्नास किलोच्या वर जाऊ शकेल असा. हौशी लोक गळानं तो पकडून परत पाण्यात सोडायचे आणि वहीत नोंद करायचे. 1998 ते 2012 पर्यंतच्या त्या वह्या शास्त्रज्ञांनी चाळल्या. वर्षागणिक निळ्या परांचा मासा जास्त आणि नारिंगी परांचा कमी, असंच त्यात दिसलं.

त्याहून मोठं नवल म्हणजे नारिंगी परांच्या माशाला शे-दीडशे वर्षं सगळे ओळखत होते, पण नेमकं शास्त्रीय नावच नव्हतं. 2018 मध्ये अंगकाठी आणि डीएनए तपासून कळलं की केरळच्या पंबार नदीतून ज्याचं वर्णन झालं होतं, तोच हा 'टोर रेमादेवी'. हे नाव आहे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतल्या मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्यावरून. एका बाईच्या कामाच्या गौरवासाठी माशाला तिचं नाव मिळालं! त्याच वर्षी हा मासा अतिशय गंभीर धोक्यातल्या यादीत गेला.

यात दोष एकाच गोष्टीचा नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे सगळं होतंच. ज्यांनी बी दिलं आणि ज्यांनी सोडलं, त्यांचा हेतूही चांगला होता. त्या काळी महसीरच्या जातींच्या नावांचाच घोळ होता. डीएनए तपासण्याची सोय नव्हती. पण धडा मोठा मिळाला. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडला, तर तो तिथल्याचं खाणं आणि जागा घेतो. जवळच्या जाती असल्या तर संकर होऊन मूळ वाणच पुसला जाण्याची भीती असते.

मत्स्य-आनुवंशिकी नावाचं शास्त्र हेच बघतं. बी कुणाचं, कुठलं आणि किती आईबापांपासून आलं? ए. ई. एकनाथ आणि रॉजर डॉइल यांनी शेजारच्या कर्नाटकातल्या मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास करून 1990 मध्ये दाखवलं की अगदी थोड्या नर-माद्यांपासून वर्षानुवर्षं बी काढल्यानं माशांत जवळच्या रक्ताची पैदास भराभर वाढते. शेळ्या पाळणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. कळपात एकच बोकड, त्याच्याच लेकींना तोच, म्हणजे पुढची करडं खुरटी. माशांचंही तसंच, फक्त पाण्याखाली दिसत नाही. एकनाथ पुढे भुवनेश्वरच्या गोड्या पाण्याच्या मत्स्यसंस्थेचे संचालक झाले.

त्याच संस्थेनं 1992 पासून नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर रोहूची निवड पद्धतीनं सुधारणा केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांमधून रोहू आणले, संस्थेच्या तळ्यातलेही घेतले. घराणी वेगळी ठेवून नोंदी केल्या आणि दर पिढीत चांगली वाढणारी घराणी निवडली. 1997 साली, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, तो वाण आला. म्हणून नाव 'जयंती रोहू'. दर पिढीला साधारण 17 टक्के जास्त वाढ मिळाली.

आता एक फरक नीट ध्यानात घ्या. तळ्यासाठी पाच नद्यांचं रक्त मिसळणं चांगलं, कारण तळं म्हणजे आपलं शेत. नदी मात्र रानासारखी. रानात जे आपलं आहे, तेच राहू द्यावं. रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेकडच्या नद्यांचे पाहुणे, तिलापिया आफ्रिकेचा. शेततळ्यात ते ठीक. ओढ्यात ते जाता कामा नयेत.

म्हणून तळ्यात मासे पाळणाऱ्या गटांसाठी चार गोष्टी. बोटुकली घेताना जात विचारा आणि केंद्रात नर-माद्या किती आहेत, दर काही वर्षांनी बाहेरून नव्या आणतात का, तेही विचारा. थाई मागूर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. तो इतर मासे फस्त करतो आणि देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला घरचे पुरुष-पोरं निघतात, तेव्हा त्यांना सांगा की या माशांच्या पोटात पुढच्या वर्षाचे मासे आहेत. सगळेच उचलू नका, डोहातले तरी सोडा.

शेवटचं लेकींसाठी. बारावी विज्ञानानंतर मत्स्यशास्त्राची पदवी घेता येते. आंबा घाट उतरून गेलं की रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. उदगीर आणि नागपूरलाही आहे. पुढचं शिक्षण आणि संशोधन मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत होतं. ही संस्था 1961 साली सुरू झाली आणि 1989 पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथे माशांच्या आनुवंशिकीचा वेगळा विभागच आहे. कडवी, शाळी, कासारीत आज नेमके कोणते मासे आहेत, त्यांचं मूळ रक्त शाबूत आहे का, हे शोधणारं माणूस याच गावांतलं असलं तर त्याला ओढ्याची प्रत्येक कोंड आधीच ठाऊक असेल. नदीची अशी ओळख असलेल्या पुष्कळ मुली आपल्या तालुक्यात आहेत. त्यांना हे शिक्षण कुठे मिळतं, एवढं आज घरी सांगा.